जास्तीचा रोजा

शारजातल्या त्या फ्लॅटमधली भिंत हनीफने स्वतःच्या हाताने उभी केली होती, म्हणून तो तिला भिंत म्हणायचा. रशीदा म्हणायची नाही. जिप्समचे चार बोर्ड, मागे लोखंडी पट्ट्या, वरून पांढरा रंग. पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडे "यर्हमुकल्ला" म्हणून दुआ द्यावी, अशी गत. पण २००८च्या उन्हाळ्यात भाडं पन्नास हजारांवर गेलं तेव्हा हनीफला दुसरं काही सुचलंही नसतं. "पन्नास हजार दिरहम! पावणेसहा लाख रुपये झाले की ओ!" असं रशीदा तीन दिवस म्हणत राहिली आणि चौथ्या दिवशी तिनेच बोर्ड धरून ठेवले. बेडरूम आणि तिला लागून असलेला अर्धा हॉल भाडेकरूंना, उरलेला अर्धा हॉल आपल्याला. किचन आणि बाथरूम दोघांत एक.

भाडेकरू आले ते कोथरूडचे. शैलेंद्र दुबईतल्या एका बिल्डरकडे प्लॅनिंग इंजिनियर, त्याची बायको मृणालिनी आणि सहा वर्षांची शुभ्रा. वर्षभर शेअरिंगमध्ये काढायचं आणि मग थेट दुबई मरीनाला समुद्रावर स्वतःचा फ्लॅट, असा त्याचा हिशोब होता. निघताना त्याच्या सोसायटीने त्याचा सत्कार केला होता. शाल आणि नारळ घेतलेला तो फोटो त्याने टीव्हीवर ठेवला, आणि मगच बॅगा उघडल्या. रशीदाला तेव्हा त्याचं हसू आलं होतं. पुढे ते आलं नाही.

मृणालिनीला रशीदाने शारजा शिकवली. बाल्कनीत कपडे वाळत घालू नकोस, दंड होतो. टॅक्सीवाल्याला मीटर टाकायला आधीच सांग. शुक्रवारी दुपारपर्यंत दुकानं उघडायची वाट बघू नकोस. किचनच्या ओट्यावर तिने निळ्या टेपची पट्टी चिकटवली आणि म्हणाली, "ही तुझी बाजू, ही माझी. माझी सुरमय तुझ्या बाजूला आली तर मला हाक मार." मृणालिनी हसली आणि पहिल्याच आठवड्यात पुरणपोळी पट्टीच्या या बाजूला सरकवून गेली. हरतालिका आली तशी ती रडवेली झाली, कारण पूजेला वाळूची पिंड लागते आणि वाळू कुठून आणायची तिला कळेना. रशीदा कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बये, वाळवंटात येऊन वाळू शोधतेस?" त्या संध्याकाळी रोजा सोडून दोघी अल खानच्या किनाऱ्यावर गेल्या. रशीदा हर्णैची, समुद्राच्या वासाने तिचं पोट भरायचं. मृणालिनीने ओंजळभर ओली वाळू डब्यात भरली आणि शुभ्रा लाटांकडे बघून किंचाळत राहिली.

त्या वर्षी मृणालिनीने आपल्या नवऱ्यासाठी पाण्याचा थेंब न घेता उपास केला, आणि नवरा बघत होता ते मरीनाच्या फ्लॅटचे फोटो.

नोव्हेंबरात मंदीने क्रेन थांबल्या. जानेवारीत शैलेंद्रच्या हातात नोकरी गेल्याचं पत्र पडलं. महिनाभर वणवण करून त्याला रास अल खोरला भाज्यांच्या घाऊक बाजारात गोदामावर नोकरी मिळाली. कांद्याच्या गोणी मोजायच्या, कोल्डस्टोअरच्या चाव्या सांभाळायच्या. नोकरी वाईट नव्हती. हनीफ हमरिया फ्री झोनमध्ये जहाजांचे पत्रे कापणाऱ्या यार्डात अठरा वर्षं फोरमन होता, त्याने शैलेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "साहेब, व्हिसा लागला ना? बस. इन्शाल्ला दिवस फिरतील." शैलेंद्रने तो हात खांद्यावरून असा काढला की जणू पाल पडली होती. पुण्याला त्याने काही कळवलं नाही. तिथे तो अजून दुबईत टॉवर बांधत होता.

फेब्रुवारीत रशीदाने पहिल्यांदा व्हॅक्यूम क्लीनर ऐकला.

आधी तिला बरं वाटलं, चला, साहेब घरकामाला हात लावायला लागले. मग आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. संध्याकाळी सहाला शैलेंद्र यायचा, आतून कडी लागायची आणि ते यंत्र घरघरायला लागायचं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. त्या एवढ्याशा खोलीत इतका कचरा यायचा कुठून? एके दिवशी यंत्र मध्येच बंद पडलं, आणि बोर्डापलीकडून जो आवाज आला तो ओला कपडा फरशीवर आपटावा तसा होता. पुन्हा तोच. त्यामागे मृणालिनीचं दाबलेलं "शुभ्रा बघतेय, अहो शुभ्रा बघतेय." मग यंत्र परत सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मृणालिनीचं मनगट टम्म सुजलं होतं. रशीदाच तिला हॉस्पिटलात घेऊन गेली. केरळच्या नर्सने विचारलं तेव्हा मृणालिनी म्हणाली, "बाथरूम में स्लिप हो गयी." रशीदा शेजारी उभी होती आणि गप्प राहिली. तिला स्वतःची शरम वाटली, पण ती तोंड उघडायला धजली नाही. फ्लॅट हनीफच्या नावावर आणि शेअरिंगला परवानगी नाही. पोलिस आले की पहिला प्रश्न विचारणार, ही दुसरी फॅमिली कोण? मग घर जाणार, आणि कदाचित हनीफची नोकरीही. नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला, असंही ती स्वतःला सांगायची. ते सांगणं दर वेळी व्हॅक्यूम क्लीनर सुरू होईपर्यंतच टिकायचं.

मे महिन्यात हनीफ उठला. यंत्र घरघरत असतानाच त्याने दार ठोठावलं. कडी निघाली, दार वीतभर उघडलं, हनीफने चौकटीला हात लावला आणि म्हणाला, "साहेब, आता खलास. बाईमाणसावर हात—"

शैलेंद्रने दार पूर्ण ताकदीनिशी ओढून घेतलं. हनीफची दोन बोटं आत राहिली. हाड मोडल्याचा आवाज रशीदाने किचनमध्ये ऐकला. शैलेंद्रने दार उघडून बोटं सोडली नाहीत, आणखी एकदा दाबली, आणि फटीतून शांतपणे म्हणाला, "हनीफभाई, म्युनिसिपालिटीचा नंबर आहे माझ्याकडे. इल्लिगल शेअरिंग. तुम्ही तुमच्या घरात राहा, मी माझ्या." मग दार उघडलं. हनीफ भिंतीला टेकून खाली बसला, आणि रक्त त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं. यार्डात त्याने सांगितलं की पत्रा पडला.

आता मृणालिनीला फक्त घरी जायचं होतं. पुण्याला आई होती, भाऊ तिकीट काढायला तयार होता. पण पासपोर्ट शैलेंद्रने कुठे दडवले होते ते कळत नव्हतं. तिने गाद्या उसवल्या, तांदळाचा डबा पालथा केला, एसीची जाळी काढून बघितली. तो गोदामावर असताना शोधायचं आणि तो यायच्या आत सगळं जागच्या जागी ठेवायचं. एकदा उशीचा अभ्रा उलटा चढला, तर तेवढ्यावरून त्याने तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं. ती शुद्धीवर आल्यावर तो तिला म्हणाला, "तू गेलीस तर सगळ्या कोथरूडला कळेल मी कांदे मोजतो. ते होणार नाही. मी असेपर्यंत होणार नाही."

हे तिने रशीदाला ओट्याशी उभी राहून सांगितलं, निळ्या पट्टीच्या पलीकडून. रशीदाच्या लक्षात आलं की ही पोर इथून एक तर पासपोर्ट घेऊन जाईल, नाही तर शवपेटीतून.

त्या वर्षी पहिला रोजा आणि हरतालिका एकाच दिवशी आली. शैलेंद्र सकाळी रास अल खोरला गेला आणि रशीदा इफ्तारच्या तयारीसाठी मसाल्यांचे डबे पुसायला लागली. त्या डब्यांच्या रांगेत कापराची डबी होती. कापूर, वाती, उदबत्त्या, सगळं तिच्याच बाजूला, दालचिनीला टेकून. काही महिन्यांमागे शैलेंद्रनेच ते आणून ठेवलं होतं.

ती थांबली. नोकरी गेल्यापासून हा माणूस भलताच देवभोळा झाला होता. आधी कधी उदबत्ती न लावणारा आता रोज सोवळं नेसून पूजा करायचा, आणि देवाऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा त्याचा दंडक होता. घरात मच्छी शिजते, विटाळ होतो, म्हणे. मृणालिनीने ते मानलं, कारण देवाचं होतं. रशीदाने तर त्याहून जास्त मानलं. परक्याच्या देवाचा मान राखावा म्हणून देवाऱ्यासमोरून जाताना ती पदर आवरून जायची. त्या सागवानी देवाऱ्याच्या खाली एक खण होता आणि त्याला चिमुकलं कुलूप होतं.

"मृणाल," तिने हाक मारली. "पूजेचा कापूर कुठे ठेवतात तुमच्यात?"

"देवाऱ्याच्या खणात."

"मग तो माझ्या दालचिनीला का चिकटलाय? त्या खणात काय आहे?"

दोघी देवाऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, आणि सहा-सात महिने मार खाल्लेली ती बाई हात पुढे करीना. "भाभी, देवाचं आहे. तुम्ही तोडा."

"मी? मी कशी हात लावू? तुझे देव आहेत, तूच लाव."

शुभ्रा दोघींकडे बघत होती. "मम्मा," ती म्हणाली, "इट्स जस्ट अ ड्रॉवर."

मृणालिनीने नारळ खवायच्या खवणीचं टोक कुलपात घातलं आणि पिळलं. आत तीन पासपोर्ट होते, रबरबँड लावलेले. ती खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

रशीदाने हनीफला फोन लावला. तो म्हणाला, तासाभरात गाडी घेऊन निघतो, संध्याकाळच्या विमानात जागा बघतो. बॅग भरली. शुभ्राच्या पायात बूट चढले. आता फक्त खाली उतरायचं होतं. आणि तेवढ्यात मृणालिनी म्हणाली, "भाभी, पूजा करून निघते."

"कसली पूजा?"

"हरतालिका आहे ना. सकाळपासून निर्जळी आहे. वाळू आणलेली आहे. असं अर्धवट टाकून कसं निघायचं?"

"नवऱ्याच्या आयुष्यासाठी?" रशीदाच्या डोक्यात तिडीक गेली. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का गे? ज्याच्या तावडीतून पळतेस त्याला आयुष्य मागणार?"

"त्याच्यासाठी नाही. मोडून गेले असं व्हायला नको. पंधरा मिनिटं. तो सहाशिवाय येत नाही."

रशीदाने हातातली बॅग खाली ठेवली. अर्धवट टाकलेल्या उपासाचं तिलाही कळत होतं, ती स्वतः सकाळपासून तशीच होती. चूक त्या दोघींचीही झाली. एकीने पूजा मांडली, आणि चौदा वर्षं या मुलखात काढलेली दुसरी हे विसरली की रमजानात कामाचे तास कमी होतात. रास अल खोरचं गोदाम दोनलाच बंद झालं होतं.

रशीदा किचनमध्ये होती तेव्हा किल्ली फिरली. तिने वळून बघितलं तोवर शैलेंद्र तिच्यासमोरून आत गेला होता. बॅग, बूट, उघडा खण, समईच्या उजेडात वाळूची पिंड आणि पिंडीसमोर हात जोडलेली बायको, हे सगळं त्याला एका नजरेत दिसलं असणार. कडी लागली. व्हॅक्यूम क्लीनर सुरू झाला.

रशीदाने दारावर मुठी मारल्या. "शैलेंद्रभाई, दार उघडा! पोलिसला बोलावते!" काहीतरी जड पडलं. शुभ्राचा आवाज चिरकत होता, "स्टॉप इट, बाबा, स्टॉप इट!" मग तोही बंद झाला. यंत्राची घरघर कमी-जास्त व्हायला लागली, कुणीतरी त्याची वायर ओढत असल्यासारखी.

दार भक्कम होतं. भिंत नव्हती. हे रशीदाला त्या क्षणी कळलं आणि ती हनीफच्या हत्यारांच्या पेटीकडे धावली. दोन किलोचा हातोडा तिने दोन्ही हातांनी उचलला आणि बोर्डावर घातला. पहिल्या घावाला भोक पडलं, दुसऱ्याला हात जाईल एवढं झालं, आणि मग ती थांबेचना. पांढरी भुकटी तिच्या तोंडात गेली. तिच्या मनात आलं की आपण हे फेब्रुवारीतच करायला हवं होतं, आणि त्या रागाने तिने आणखी दोन घाव घातले.

भोकातून दिसलं ते असं. वाळू सगळ्या फरशीवर पसरलेली होती. मृणालिनी त्या वाळूत पाठीवर पडली होती. शैलेंद्र तिच्या छातीवर गुडघा देऊन बसला होता, आणि यंत्राची काळी वायर तिच्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन तो दोन्ही टोकं ओढत होता. तो चिडलेलाही दिसत नव्हता, गोणीचं तोंड बांधणाऱ्या माणसाइतकाच मग्न होता. शुभ्रा सोफ्यामागे बसली होती, कानांवर हात ठेवून. मृणालिनीच्या टाचा फरशी घासत होत्या.

देवारा भिंतीला लागूनच होता. रशीदाचा हात भोकातून आत गेला तो थेट देवांमध्ये. ज्यांच्यासमोरून पदर आवरून जायची, ते सगळे तिने कोपराने आडवे केले, आणि तिच्या हाताला समई लागली. मृणालिनीच्या आईने लग्नात दिलेली, पितळेची, वीतभर रुंद, जड बैठकीची, अजून पेटलेली. तिने ती उलटी धरली. गरम तेल तिच्या मनगटावर सांडलं, कातडी सोलली गेली, तिने सोडली नाही. हात खांद्यापर्यंत आत घालून तिने ती समई मृणालिनीच्या हाताकडे टाकली.

"मृणाल! घे!"

बोटं वाळूत चाचपडली आणि समईवर बंद झाली. पहिला घाव आडवा बसला, शैलेंद्रच्या कानशिलावर. तो वायर सोडून एका कुशीवर कलंडला. मृणालिनी उठून बसली, खोकली, वांतीसारखा आवाज करून तिने श्वास घेतला. मग तिने दोन्ही हातांनी समई डोक्यावर उचलली. शैलेंद्र उताणा पडून तिच्याकडे बघत होता, त्याने हातही वर केला नाही. दुसऱ्या घावाची गरज नव्हती. तो तिने त्याच्या खांद्यावर घातला आणि हाड मोडलं. तिसऱ्याचीही नव्हती.

रशीदाने भोकातून सगळं बघितलं. ती थांब म्हणाली असती तर मृणालिनी थांबली असती. ती म्हणाली नाही.

हनीफ आला तेव्हा व्हॅक्यूम क्लीनर अजून चालूच होता. त्याने आधी तो बंद केला.

शैलेंद्र जिवंत होता. हनीफने त्याला टॉवेलात गुंडाळून गाडीत घातला, कारण हनीफ कुणाला तसाच मरू देणारा माणूस नव्हता, आणि सगळे त्याच हॉस्पिटलात गेले. डोक्याला चौदा टाके, खांदा दोन ठिकाणी मोडलेला. डोक्याची जखम म्हटल्यावर पोलिस येणारच होते. कोवळ्या मिशांचा, हिंदी बोलणारा एक हवालदार वही घेऊन आला. रशीदा बाकावर बसली होती, मनगटाला मलम, कपड्यांवर पांढरी भुकटी. आता जे व्हायचं ते होऊ दे, घर जाऊ दे, सगळं सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. मृणालिनी गळ्याला पदर घट्ट गुंडाळून भिंतीकडे बघत होती. पासपोर्ट तिच्या ब्लाउजमध्ये होते.

"कैसे हुआ?" हवालदाराने शैलेंद्रला विचारलं.

शैलेंद्रने डोळे उघडले. त्याने बायकोकडे बघितलं, मग हनीफच्या वाकड्या बोटांकडे. खरं सांगितलं तर वहीत काय लिहिलं जाईल ते त्याला दिसत असावं, बायकोने समईने मारला. ते वाचणारे लोक असतील. ते शब्द कधी ना कधी कोथरूडला पोचतील.

"बाथरूम में," तो म्हणाला, "स्लिप हो गया."

केरळची नर्स संगणकाजवळ उभी होती. तिने पडद्यावरचा पत्ता वाचला, मग पुन्हा वाचला, आणि मृणालिनीकडे बघितलं. "सेम बाथरूम?"

हवालदार रशीदाकडे वळला. "आप घर पे थीं? आपने देखा?"

मगरिबच्या अजानला, म्हणजे रोजा सुटायला, दहा मिनिटं होती. इथल्या चौदा वर्षांत रशीदा रोज्यात कधी खोटं बोलली नव्हती. तिने हवालदाराच्या डोळ्यांत बघितलं.

"हाँ," ती म्हणाली. "बाथरूम बहुत खराब है."

त्याने वही मिटली. अजान झाली तसा त्याने खिशातून खजूर काढून तिला दिला, आणि तिने तो खाल्ला.

मृणालिनी आणि शुभ्रा पहाटेच्या विमानाने गेल्या. चार दिवसांनी फोन आला. कोथरूडच्या सोसायटीच्या गणपतीत सगळ्या बायका जमल्या होत्या आणि कुणीतरी तिच्या गळ्यावरचा काळा वळ बघून विचारलं, काय झालं गं?

"काय सांगितलंस?" रशीदाने विचारलं.

"वायरने गळा आवळला म्हटलं. कांद्याच्या गोदामात काम करतो तेही सांगितलं. आणि मी त्याला समईने मारला, तेही." मग ती सावकाश म्हणाली, "भाभी, सगळ्यांसमोर सांगितलं."

रशीदा ओट्याला धरून उभी राहिली आणि हमसून हमसून रडली. हनीफ भोकावर नवा बोर्ड ठोकत होता, तो थांबला आणि काही न विचारता पुन्हा ठोकायला लागला. शैलेंद्र हॉस्पिटलातून परस्पर रास अल खोरच्या लेबर कॅम्पात राहायला गेला होता. त्याचं सामान न्यायला दुसराच माणूस आला. सत्काराचा फोटो त्याने नेला नाही.

ईदनंतर रशीदाने एक रोजा जास्तीचा ठेवला. हनीफने विचारलं, कसला? ती म्हणाली, "पहिल्या रोज्याला खोटं बोलले ना, त्याचा."

"आणि ती समई?"

"त्याचा कशाला?" असं म्हणून तिने चुलीवर तवा ठेवला.